खाली न ठेवलेलं पाणी

मी देव मानतो. पण देवानं मला मानावं असं माझ्यात काही आहे, याची खात्री मला कधीच नव्हती, आणि चौऱ्याण्णव सालच्या चैत्रात तर जी काही थोडीफार होती तीही गेली. त्या चैत्रात मी शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाला, आमच्या घरच्या कावडीनं, पाटाच्या पाण्याची आंघोळ घातली. एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला बरीच वर्षं लागली. आता उतरलंच आहे, तर पुढचंही सांगून टाकतो.

आमची वस्ती बावड्याच्या पुढं. नरसिंगपूरला नीरा आणि भीमा एकत्र येतात, तो संगम आम्हाला जवळ. घरची कावड लहानशी आहे. वेळूचा दांडा, दोन टोकांना तांब्याच्या दोन घागरी, तोंडाला फडकी बांधलेली. संगमावर भरायची, नीरेच्या काठाकाठानं निमसाखरपर्यंत जायचं, नदी ओलांडून नातेपुतं, आणि तिथून मुंगी घाट चढून महादेवाच्या पिंडीवर घागरी रित्या करायच्या. नियम एकच. भरलेली कावड भुईला टेकवायची नाही. दमलं तर दुसऱ्यानं खांदा द्यायचा, जेवायचं तर दुसऱ्यानं धरून उभं राहायचं. टेकली की ते पाणी संपलं. परत संगमावर जाऊन भरून आणायचं.

चौदा वर्षं ही कावड माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं नेली. मी त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आणि अकलेनं त्याहून बराच. नोकरी नीरा डाव्या कालव्यावर पाटकऱ्याची. म्हणजे फाट्यांची दारं उघडायची, बंद करायची, आणि ज्याला पाणी मिळालं त्याच्या व ज्याला नाही मिळालं त्याच्या, दोघांच्याही शिव्या खायच्या.

अण्णाच्या जिभेखाली पांढरा चट्टा आला, तो तंबाखूचा असेल म्हणून आम्ही तीन महिने घालवले. मग बारामतीच्या डॉक्टरांनी पुण्याला धाडलं. तिथं अर्धा जबडा काढला, जीभ काढली. माघात अण्णा घरी आला तेव्हा त्याचा आवाज मागं राहिला होता. महिन्याभरात गळ्यावर गाठी आल्या. पुन्हा बारामती. डॉक्टरांनी वहिनीला आणि मला जिन्याखाली नेऊन सांगितलं, "आता घरीच ठेवा. त्यांना आवडेल ते करा."

अण्णाला आवडायची कावड. तो आपल्या लेकीच्या शाळेच्या पाटीवर लिहून बोलायचा. यंदा कावड मी नेतो म्हटल्यावर त्यानं पाटी ओढली, लिहिलं आणि वहिनीकडं फिरवली. वहिनीनं मोठ्यानं वाचलं, "ह्येच्याकडं देऊ नगा. ह्यो सांडंल." तीन महिन्यांत वहिनी पहिल्यांदा हसली. मीही हसलो. आणि नेली कावड.

बरोबर बाराजण होते, पुढारी तात्या. साठीतला माणूस, पण चालायचा असा की मागून बघणाऱ्याला लाज वाटावी. नदी ओलांडून नातेपुत्याच्या अलीकडं आलो. भर दुपार, पायांत काही नाही, डांबर पातळ झालेलं. कावड माझ्या खांद्यावर होती आणि खांदा सोलून निघाला होता. तात्यांनी दोनदा विचारलं, "खांदा देऊ का रं?" मी म्हटलं, "न्हाय तात्या, अण्णाची कावड हाय, मीच नेणार." खरं कारण असं की अण्णानं सांडणारा ठरवल्यामुळं मला काहीतरी करून दाखवायचं होतं. मंडळी पुढं गेली. मी मागं राहिलो. आणि मागं राहिल्यावर मला बिडीची तल्लफ आली.

एक बाभळ होती. तिच्या बेचक्यात दांडा अडकवला, घागरी दोन्हीकडं लोंबल्या. भुईला टेकलं नाही, म्हणजे नियम पाळला. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी काडी ओढली. बिडी पेटली आणि फांदी मोडली. दोन्ही घागरी खाली आल्या, फडकी सुटली. चैत्रातल्या मातीनं ते पाणी एका घोटात पिऊन टाकलं.

परत नरसिंगपूरला जायचं, म्हणजे दोन दिवस मागं. म्हणजे तात्यांना सांगायचं, वस्तीवर कळायचं, अण्णाच्या पाटीवर यायचं. समोर पन्नास पावलांवर नीरेचा उजवा कालवा तुडुंब चालला होता. पाटकऱ्याला पाट दिसला की बुद्धी सुचते. मी मनाशी म्हटलं, हे पाणी कुठलं? नीरेचं. संगमावर कुठली नदी? नीरा. मग हे तेच पाणी, फक्त सरकारी वाटेनं आलेलं. घागरी भरल्या, फडकी बांधली, डोळे पुसले. नोकरी डाव्या कालव्यावर केली आणि पाप उजव्या कालव्यात.

मुंगी घाटात सगळे 'हर हर महादेव' गर्जत चढले. माझा आवाज फुटेना. तात्या म्हणाले, "भरून आलंय पोराला." पिंडीवर पाणी ओतलं ते गढूळ होतं. पुजाऱ्यानं पाण्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.  त्या बघण्याचं ओझं कावडीपेक्षा जड होतं.

तीर्थ घेऊन एसटीनं घरी आलो. वहिनीनं अण्णाला तीर्थाचे तीन चमचे पाजले. एकेक घोट उतरायला मिनीट मिनीट लागायचं. त्यानं डोळे मिटून हात जोडले. मी कोपऱ्यात उभा राहून आपल्याच भावाला फसवलेलं बघत होतो. मग त्यानं पाटी घेतली. लिहिलं, "वाट सांग."

तेव्हा मला कळलं की त्याला पाण्यापेक्षा वाटेची तहान जास्त होती. मी सांगायला बसलो. कुठं चहा मिळाला, तात्या कुणावर खेकसले, कुठल्या वस्तीवरची कुत्री मागं लागली. तो मधेच थांबवून लिहायचा, "वडाखालची हीर बुजवली का?" मी म्हणायचो, न्हाय, हाय अजून. त्याच्या डोळ्यांत पाणी असायचं, पण चेहरा चालणाऱ्या माणसाचा असायचा. नदी ओलांडली, आणि मी एकदम घाटात उडी मारली. त्यानं लिहिलं, "मधलं?"

मधलं मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी. "मधलं?" तिसऱ्या दिवशीही. वहिनी वैतागली. "सांगा की भाऊजी. दिसभर त्येच लिवतंय माणूस. मधी काय दरोडा पडला हुता का?"

खोटं रचून सांगता आलं असतं. गोष्टी रचण्यात मी कधीच कमी नव्हतो. पण जो माणूस जिभेशिवाय विचारतो, त्याला जीभ असलेल्यानं खोटं सांगावं, हे माझ्यासारख्यालाही जमेना.

वैशाख संपत आला तेव्हा अण्णाचं पाणी पिणंही अवघड झालं. मी रजा टाकली आणि एक तांब्या फडक्यात बांधून घेतला. वहिनी दारात आडवी आली. "निघालात कुठं? माणूस हितं असा पडलाय."

"पाणी आणाय."

"घरात हंडा भरून हाय."

"त्ये न्हाय वैनी."

"मग कंचं? देव काय पळून चाललाय का, भाऊजी? तुमचा भाव चाललाय." ती रडली नाही. आत निघून गेली. तिचं बरोबर होतं. तरी मी निघालो. अण्णाच्या पोटात खरं पाणी जायला हवं होतं, आणि तो जायच्या आधी ते घरी पोचायला हवं होतं.

संगमावर तांब्या भरला आणि एकटाच चालू लागलो. एकट्यानं भांडं खाली न ठेवता चालणं म्हणजे काय, हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी कदाचित अधर्मीच राहिलो असतो. भाकरी खाताना तांब्या गळ्यात बांधला, तर तो कोरड्यासात बुडायला बघायचा. पायजम्याची नाडी सुटली तेव्हा एका सायकलवाल्याला थांबवून म्हटलं, "पाव्हणं, जरा तांब्या धरा." त्यानं धरला, पण माझ्याकडं असा बघत होता की नाडीला दोनदा गाठ चुकली. रात्री देवळाच्या खुंटीला टांगून खाली बसल्या बसल्या डुलक्या घेतल्या. बाभळीवर मात्र भरवसा ठेवला नाही.

आणि एक लाजेची गोष्ट. पहिल्या सकाळी बावडं मागं पडलं, दोन्ही बाजूंना ऊस, सरीतून पाणी सरकत होतं, टिटव्या ओरडत होत्या. मैलभर गेल्यावर लक्षात आलं की मी गुणगुणतोय. घरी भाऊ जात होता आणि माझ्या पायांना आनंद झाला होता. हा रस्ता संपू नये, घाटापुढं आणखी एक घाट असावा, त्यापुढं आणखी एखादा देव, असं वाटत होतं. मला स्वतःची शिसारी आली. पाय ऐकेनात. अण्णा चौदा वर्षं कावडीवरून परत आल्यावर आठवडाभर गप्प का असायचा, ते तेव्हा समजलं. आम्हाला वाटायचं, दमलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी निमसाखरच्या अलीकडं ऊन लागलं. दोनदा उलटी झाली, डोळ्यांपुढं पिवळं दिसायला लागलं. रस्त्याकडेला चुन्यानं सारवलेलं एक घर होतं, पुढं पडवी. पडवीत खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते. मागं भिंतीवर बाबासाहेबांची आणि भगवान बुद्धांची तसबीर. मी पडवीच्या खांबाला धरलं.

"अहो, बसा, बसा खाली. तांब्या ठेवा आधी."

"ठिवता येत न्हाय," मी म्हटलं. "शिंगणापूरचं हाय. भुईला टेकवायचं न्हाय."

ते उठून जवळ आले. मग थांबले. "मी शिक्षक होतो. आता रिटायर आहे. आम्ही बौद्ध आहोत. मी धरलं तर चालेल का तुम्हाला?"

अशा वेळी माणसानं काहीतरी चांगलं बोलावं. मी म्हटलं, "गुरुजी, देवाला चालंल. न चालायला त्यो काय आमच्या भावकीतला हाय?"

ते हसले. "माझा तुमच्या महादेवाशी काही संबंध नाही. पण तुम्ही म्हणताय टेकवायचं नाही, तर नाही टेकवणार. झोपा तुम्ही." त्यांनी मला साखर-मीठ घातलेलं पाणी पाजलं, चटई टाकली, माझ्या हातातून तांब्या घेतला आणि खुर्चीत बसले. मी आडवा झालो. पुढचं काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन पडवीत आलं होतं आणि थेट गुरुजींच्या तोंडावर होतं. ते त्याच खुर्चीत होते. तांब्या मांडीवर, दोन्ही हात भोवती. सदरा घामानं भिजून अंगाला चिकटला होता. पेपर पायाशी पडला होता, तो उचलायलाही ते वाकले नव्हते. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांची बायको डाळजला लेकीकडं गेली होती. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं, चार तास झाले होते.

"घ्या तुमचं पाणी," ते म्हणाले. उठायला गेले आणि परत खुर्चीत बसले. मी तांब्या घेतला, हात जोडले. दिवस मावळायच्या आत नदी ओलांडायची म्हणून लगबगीनं निघालो. नेहमीसारखाच, स्वतःच्याच घाईत.

ती बाभळ लागली, तिथं थांबलो नाही. घाट चढलो. पिंडीवर अर्धं पाणी घातलं, अर्धं तीर्थ म्हणून परत घेतलं. पुजारी तोच होता. त्यानं मला ओळखलं नाही, हे त्याचे उपकार. एसटीत तांब्या मांडीवर घेऊन घरी पोचलो. अण्णा होता. आणखी बारीक झाला होता, खोलीत वास भरला होता, पण होता.

चमचा आता चालत नव्हता. वहिनीनं कापसाचा बोळा तीर्थात भिजवून त्याच्या ओठांवर पिळला. दोन थेंब आत गेले. मग मी त्याच्या उशाशी बसून मधलं सगळं सांगितलं. बाभळ, बिडी, फांदी, पाट, सरकारी वाट. वहिनी डोक्याला हात लावून ऐकत होती. "आवं भाऊजी," एवढंच म्हणाली. अण्णाच्या नाकातून एक आवाज आला. आम्ही घाबरलो. तो हसत होता. हसताना त्याला किती दुखत होतं ते दिसत होतं, तरी थांबेना.

मग नव्या वाटेचं सांगितलं. नाडी सांगितली, गुणगुणणंही लपवलं नाही. ते ऐकून त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. गुरुजींचं सांगितलं. त्यानं पाटी मागितली. अक्षरं वाकडी पडली होती, वहिनीला दोनदा वाचावं लागलं. "चार तास. पायाला मुंग्या आल्या आस्तील. इचारलंस का?"

मी नव्हतं विचारलं. पाणी घेतलं आणि निघालो होतो. 

त्यानं लिहिलं, "जा. इचारून ये."

"जातो," मी म्हटलं. पण पाटाला पाण्याचं उन्हाळी आवर्तन सुरू झालं होतं, रजा संपली होती. म्हटलं, सोमवारी जातो. शुक्रवारी त्यानं नुसतं "जा" लिहिलं. शनिवारी दुपारी मी फाट्याचं दार खाली घेत होतो. वस्तीवरचा एकजण सायकलवरून आला आणि लांबूनच उतरला. सायकल हातात धरून चालत येणाऱ्या माणसाला काही विचारावं लागत नाही.

अण्णाला मुलगा नाही. अग्नी मी दिला. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी सकाळी मी निघालो. वहिनीनं या वेळी अडवलं नाही. भाकरी बांधून दिली.

गुरुजी पडवीतच होते. मला बघून उठले. "अरे, या! आज तांब्या नाही?"

"न्हाय. एक इचारायचं राहिलं हुतं," मी म्हटलं. "त्या दिवशी तुमच्या पायाला मुंग्या आल्या हुत्या का?"

ते माझ्याकडं बघत राहिले. "हे विचारायला एवढं चालत आलात?"

"व्हय."

"मुंग्या कसल्या? पाय माझे राहिलेच नव्हते." ते हसले, मग जरा गंभीर झाले. "खरं सांगू का? एकदा मी तांब्या खाली ठेवणार होतो. कोण बघत होतं? तुम्ही घोरत होता. मांडीवरून उचललासुद्धा. तेवढ्यात तुम्ही झोपेत बोललात, 'अण्णा, जरा खांदा दे.' मला वाटलं, मलाच म्हणताय. मग काय करणार? घेतला परत मांडीवर."

मी डोक्यावरची टोपी काढली. मुंडण त्यांनी बघितलं. आत गेले, पाणी आणलं, माझ्या शेजारी खाली बसले. 

त्या पडवीत मला जे कळलं ते फार मोठं नाही. चैत्रात मी जागा होतो, खांद्याला रक्त येईपर्यंत माझं मीपण वाहत होतो, आणि पाणी मातीत गेलं. वैशाखात मी आडवा पडलो, माझं काहीच चालेना, तेव्हा ते पाणी वाचलं. ज्याच्या घरी महादेव नाही अशा माणसाच्या मांडीवर महादेवाचं पाणी चार तास सुखरूप राहिलं. माझ्या हातून देवाची एकच सेवा धड पार पडली, आणि ती होताना मी घोरत होतो. याला कृपा म्हणतात की नाही, हे ठरवणारा मी कोण?

निघालो तेव्हा विचारलेल्याचं उत्तर माझ्याजवळ होतं आणि ते घेऊन ज्याच्याकडं जायचं तो घरी नव्हता. रस्त्यावर आलो. डावीकडं बावडं, उजवीकडं नदी आणि पलीकडं घाट. मी बराच वेळ उभा राहिलो आणि उजवीकडं वळलो. काही न्यायचं नव्हतं, काही आणायचं नव्हतं.

तेव्हापासून चालतोच आहे. शिंगणापूर दरवर्षी, कोजागरीला तुळजापूर, कधी जेजुरी, एकदा पार गाणगापूर. एक वाट संपत आली की पुढची दिसायला लागते. ही भक्ती की पायांना लागलेली सवय, मला अजून सांगता येत नाही. निघताना एवढंच म्हणतो की देवा, माझ्यावर विसंबू नकोस, तुझं तू बघ. आणि वाटेत कुठं झाडाखाली कुणी दमून झोपलेला दिसला, त्याचं काही भुईवर ठेवायचं नसेल, तर ते मांडीवर घेऊन शेजारी बसतो. त्याला जाग येईपर्यंत उठत नाही. काही झोपेत बोलतात. मी ओ देतो.